नवव्या कोटावरची खूण

९ जानेवारी

धाकट्या,

पत्राच्या वर काय लिहावं यात अख्खी सकाळ गेली. शेवटी तोंडात जे येतं तेच लिहिलं. राग आला तर वरचं सोड आणि खालचं वाच, कामाचं सगळं खाली आहे.

दुकान सोडायचं ठरवलंय. जागा आपल्या दोघांच्या नावावर आहे, त्यामुळे माझ्या एकट्याच्या सहीने काही हलत नाही. सोबत कागद जोडला आहे. शेवटी माझी नेहमीची फुली केली आहे, शेपटीवाली, तिथे सही करून परत पाठव. तिकिटं लावलेलं पाकीट आतच आहे. तुला बाकी काही तसदी नाही.

अक्षर ओळखू येणार नाही. उजव्या हाताला जरा लचक आली आहे म्हणून डाव्याने लिहितोय. हसायचं तर हस.

तुझा पत्ता तुझ्या वहिनीकडे निघाला. तिच्याकडे कसा, हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

बाकी ठीक.

मास्तर


२३ जानेवारी

धाकट्या,

कागद आला नाही. टपालात कुठेतरी अडकला असेल असं मी घरात सांगतोय. तुझी वहिनी "हो, हो" म्हणते. लहान मुलाला म्हणावं तसं.

आणि काल कळलं की मागचं पाकीट चिकटवायच्या आधी या बाईने माझ्या सहीखाली स्वतःची एक ओळ घातली होती. "लचक नाही, लकवा आहे." माझ्या पत्रात! मी दोन तास बोललो नाही तिच्याशी. मग पाणी हवं होतं म्हणून बोललो.

तर आता लपवण्यासारखं उरलं नाही, सांगतो. नोव्हेंबरातली गोष्ट. सकाळची वेळ, मी कापायच्या टेबलाशी, पँटचं कापड अंथरलेलं. कात्री हातातून पडली. उचलायला गेलो तर हात माझं ऐकेना. इस्त्रीवाला समोरून म्हणाला, "मास्तर, तोंड वाकडं का करताय?" मी त्याला एक सणसणीत शिवी हासडली. निदान मला तसं वाटलं. तोंडातून नुसता बुडबुडा निघाला म्हणे. त्याच्या वडिलांना असंच झालं होतं, म्हणून तो एका क्षणात समजला. इस्त्री चालू टाकून, मला उचलून, गाडीत घालून थेट दवाखान्यात. (त्या इस्त्रीखाली एका वकिलाचा शर्ट जळला. वकील अजून विचारतोय.) मेंदूत गुठळी अडकली होती. डॉक्टर म्हणाले, तासभर उशीर झाला असता तर बोलणं कायमचं गेलं असतं. बोलणं बरंचसं परत आलं. जीभ अजून अडखळते. म्हणूनच फोन करत नाही, मी पहिलं वाक्य पुरं करायच्या आत तू ठेवून देशील. उजवा पाय ओढत ओढत का होईना, चालतो. उजवा हात मात्र खुंटीला टांगलेल्या कोटाच्या बाहीसारखा लोंबतोय.

डॉक्टरांनी विचारलं, बीपीच्या गोळ्या नियमित घेत होता ना? तुझी वहिनी छाती पुढे काढून म्हणाली, "मी स्वतः हातावर ठेवते रोज." मी खिडकीबाहेर बघितलं. मग डिसेंबरात तिला एक बटण हवं होतं. तुला आपला बटणांचा मोठा डबा आठवतो? तिने तो चादरीवर पालथा केला. शर्टाची पांढरी बटणं आणि बीपीच्या गोळ्या लांबून अगदी एकसारख्या दिसतात. तिने त्या निवडून वेगळ्या केल्या. एकशे चौदा निघाल्या. काय सांगू तुला, मला गोळी घेतली की सुस्ती यायची, हातातलं काम बिघडायचं, आणि बरं तर वाटत होतं. ती ओरडेल म्हणून मी तयार होतो. ती ओरडली नाही. एक एक गोळी रिकाम्या बाटलीत भरत बसली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून तिने मला पुरता ताब्यात घेतलंय. गोळी तोंडात घालून "आ करा, जीभ वर करा" म्हणून तपासते. भरवते ती, भांग पाडते ती, बटणं लावते ती. डॉक्टर मला विचारतात, "काका, कसं वाटतंय?" आणि उत्तर देते ती! "बरं वाटतंय त्यांना, फक्त चिडचिड करतात." अरे, माझी चिडचिड तरी मला करू दे.

आठवड्यातून तीनदा एक व्यायामवाली मुलगी येते. बारकीशी आहे, आवाज मात्र हवालदाराचा. तिने पहिल्या दिवशी वहिनीला खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "काकू, दोन्ही हात मांड्यांखाली घ्या. आता काढायचे नाहीत. काकांचं काकांना करू द्या." तुझी वहिनी बसली हात दाबून, पण तिचे खांदे माझ्याबरोबर शर्टात शिरत होते.

मग तिने मला विचारलं, "काका, तुम्हाला परत काय करायचंय?" मी म्हणालो, "कात्री." ती म्हणाली, "आधी बटण. शर्टाची पाच बटणं ज्या दिवशी स्वतः लावाल, त्या दिवशी कात्रीचं बोलू. पहिले काही महिने मोलाचे असतात, ते रुसण्यात घालवू नका." मी तिला सांगितलं, एकाहत्तराव्या वर्षी नवीन काही येत नाही, दुकान सोडतोय. ती म्हणाली, "सोडा की. बटणं लावून सोडा."

तर हे असं आहे. एकदा डाव्या हातात कात्री घेऊन बघितली. कापड कापलंच जाईना, पात्यांमध्ये दुमडून चघळलं गेलं. तुला माहीत असेल.

सहीचं बघ.

मास्तर


६ फेब्रुवारी

धाकट्या,

आज सहीची आठवण करायला लिहीत नाहीये. एक प्रकार झाला, तो तुला सांगावासा वाटला. दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

व्यायामवाली सोमवारी म्हणाली, "काका, तुमचा डावा हात फार शहाणा झालाय. सगळं तोच करतो, म्हणून उजवा आळशी बसतो. उजव्या बोटांत थोडी हालचाल आलीये, आता त्याला कामाला लावायचं." मी म्हणालो, लाव. ती म्हणाली, "रोज दोन तास डावा हात बांधून ठेवायचा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

वहिनीने जुन्या रजईच्या कापडाची पिशवी शिवली, मनगटाशी नाडी. व्यायामवालीने माझा डावा हात त्यात घातला आणि नाडी आवळली. समोर ताटलीत वाटाण्याचे दाणे, बाजूला वाटी. उजव्या हाताने एक एक दाणा वाटीत टाकायचा. चालताना, जिन्यावर मात्र हात मोकळा ठेवायचा, पडाल म्हणाली. बसूनच हे करायचं.

पहिली पाच मिनिटं झाली असतील, आणि माझं नाक खाजायला लागलं. तुला सांगतो, हात बांधला की माणसाला आधी नाक आठवतं. डावा हात पिशवीत वळवळतोय, उजवा टेबलावरून चार बोटं वर येऊन परत पडतोय. मी म्हणालो, "अगं, नाक खाजतंय." ती पोरगी हसत हसत म्हणाली, "मग उजव्याने खाजवा."

धाकट्या, पिशवीतला हात तिथेच थांबला. तू नऊ वर्षांचा होतास. शाळेतून आलास की दप्तर ठेवायच्या आत मी तुझा डावा हात अस्तराच्या पट्टीने खुर्चीच्या दांडीला बांधायचो आणि उजव्या हातात सुई द्यायचो. रोज दोन तास, दोन वर्षं. तू म्हणायचास, "दादा, नाक खाजतंय." आणि मी म्हणायचो, "मग उजव्याने खाजव." अगदी हेच शब्द. तू खांद्याला नाक घासायचास. आज मीही तेच केलं.

मी तेव्हा एकोणीसचा होतो. बाबा जाऊन सहा महिने झालेले, सगळं माझ्या डोक्यावर. दुकानातल्या साऱ्या कात्र्या उजव्या हाताच्या, शिवणकाम उजव्या हाताचं, मला वाटायचं डावरा पोरगा या धंद्यात उपाशी मरेल. तुझ्या भल्यासाठीच करतोय असं मी सगळ्यांना सांगायचो. आई काही बोलायची नाही. मी दुपारी माल आणायला गेलो की ती तुझा हात सोडायची आणि माझी पावलं वाजली की परत बांधायची. मला ते माहीत होतं. गाठ तिची असायची, माझी नाही.

फरक एवढाच की माझा चालू हात बांधतात तो पडलेला हात उठावा म्हणून. तुझा तर कुठलाच हात पडलेला नव्हता.

आणखी काय लिहू? दोन तासांत सात दाणे वाटीत पडले. आठवा टेबलाखाली गेला आणि वहिनीने तो पायाने माझ्याकडे सरकवला, हात मांड्यांखालीच होते तिचे.

दादा


१४ फेब्रुवारी

धाकट्या,

मागच्या पत्राखाली मी दादा असं लिहिलं, हे पत्र टाकल्यावर लक्षात आलं. असू दे.

इकडे आम्ही दोघं चोर पकडले गेलो. व्यायामवाली परवा अचानक आली, तिच्या ठरलेल्या दिवसाआधी. मी डाव्या हाताने मजेत चहा पितोय, पिशवी मांडीवर, आणि वहिनी तिची सुटलेली नाडी हातात धरून उभी. काय झालं होतं सांगतो. मी अर्धा तास झाला की तोंड पाडून बसायचो. कण्हायचो, थोडा खरा, थोडा मुद्दाम. मग वहिनीचा जीव कळवळायचा, ती म्हणायची, "आज एवढं पुरे" आणि सोडायची. व्यायामवालीच्या वहीत मात्र दोन तास असं लिहायची. जन्मात कुणाशी खोटं न बोललेली बाई, माझ्यासाठी वहीत खोटं लिहीत होती.

पोरगी आधी चिडली. मग खाली बसली आणि वहिनीला म्हणाली, "काकू, तुम्ही दमलात ना?" बस्स. तुझी वहिनी जी रडायला लागली! तीन महिन्यांत पहिल्यांदा. म्हणाली, मी बाजूला झाले आणि ते पडले तर? मी गोळी तपासली नाही आणि परत झटका आला तर? एकदा माझ्या नाकाखाली झालं, परत झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? मी हे ऐकत बसलो होतो. मला वाटत होतं ती माझ्यावर हुकूम गाजवतेय. ती घाबरलेली होती रे, आणि घाबरवली होती मी, त्या डब्यात गोळ्या टाकून.

त्यानंतर घरात नवे नियम झाले. गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा मी भरतो, रविवारी, उजव्या हाताने, दीड तास लागतो. बीपी मी मोजतो आणि मीच लिहितो. ताटातलं मीठ मी वरून घेत नाही. वहिनी रोज संध्याकाळी तासभर मैत्रिणीकडे जाते, मी ठणठणीत असो वा नसो, आणि परत येईपर्यंत मी पडत नाही. आणि डावा हात मी स्वतः बांधतो. नाडीचं एक टोक दातात, दुसरं उजव्या बोटांत. गाठ ढिली बसते, पण सोडत नाही. वहिनी म्हणते, "सोडू का?" मी म्हणतो, "नको. अजून चाळीस मिनिटं आहेत." मग ती दुसऱ्या खोलीत जाऊन भांडी आपटते.

काल पहिलं बटण लागलं. खालचं. बावीस मिनिटं. व्यायामवालीने टाळ्या वाजवल्या, मला लाज वाटली, आणि गंमत म्हणजे बरंही वाटलं.

बांधलेल्या हाताने बसलं की डोकं मोकळं राहतं आणि नको तिकडे जातं. मला तुझ्याशी बँडच्या कोटांबद्दल बोलायचंय. आज नाही. आज हात दमलाय.

खरं सांगायचं तर हात दमलेला नाही.

दादा


१७ फेब्रुवारी

धाकट्या,

आता लिहून टाकतो, मध्ये थांबलो तर परत लिहायचो नाही.

बावीस वर्षांपूर्वी बँडपथकाचे नऊ कोट आपण शिवले. लाल, सोनेरी गोंड्यांचे. कापायचं आणि खुणा करायचं काम माझं, शिवायचं आणि काजं करायचं तुझं. पुरुषाच्या कोटाला काजं डाव्या बाजूला असतात, बायकांच्या उजव्या, हे आपल्या दुकानातल्या मांजराला सुद्धा माहीत होतं. बँडमास्तर कोट न्यायला आला, त्याने एक अंगात घातला, बटणं लावायला गेला आणि थांबला. मग त्याची माणसं हसायला लागली. "मास्तर, आमच्या बायका वाजवणार काय?" नऊच्या नऊ कोटांची काजं उजव्या बाजूला पडली होती.

आणि मी, सगळ्या कारागिरांसमोर, गिऱ्हाइकासमोर, तुझ्याकडे वळून म्हणालो, "डाव्या हाताला कितीही शिकवा, तो शेवटी डावंच करणार."

तू एकोणचाळीस वर्षांचा होतास. तू माझ्याकडे बघितलंस. 

हे तुला माहीत आहे. आता जे तुला माहीत नाही ते.

नववा कोट इस्त्रीचा राहिला होता. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी तो उचलला. उजव्या बाजूला, प्रत्येक काजाच्या टोकाशी, खडूची फुली होती. शेपटीवाली. अशी फुली त्या दुकानात फक्त मी करायचो. त्या दिवसांत काम फार होतं, कापड माझ्यासमोर उलट्या तोंडाने अंथरलं गेलं असणार आणि मी त्याच बाजूला खुणा करत सुटलो असणार. चूक माझी होती. पहिल्या कोटापासून नवव्यापर्यंत माझीच. तू फक्त खूण तिथे काज केलंस, कारण मीच तुला लहानपणापासून घोकवलं होतं, "खूण असेल तिथे काज. विचारायचं नाही."

तुला बोललो तेव्हा चूक तुझीच असं मला खरंच वाटत होतं. एवढीच काय ती माझी बाजू. दुपारी दोननंतर तीही नाही. कारण मी ओलं फडकं घेतलं आणि त्या पाचही फुल्या पुसून टाकल्या.

संध्याकाळी बोलेन म्हटलं. मग उद्या म्हटलं. तू बारा दिवस मान खाली घालून नऊही कोटांचे पुढचे भाग नव्याने शिवलेस. मी रोज तुझ्यासमोर उभा राहून कापत होतो आणि तोंड उघडत नव्हतो. मी मास्तर होतो ना. मग एका सकाळी तू आला नाहीस. फक्त तुझी ती डाव्या हाताची कात्री गेली होती. तीच जी मी कधी दुकानात येऊ दिली नाही आणि तू जेवणाच्या पिशवीत लपवून आणायचास.

बावीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की धाकटा मानी आहे, एक शब्द सहन झाला नाही त्याला.

मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही. हातच तो, त्याने काय काय केलंय. पण म्हणतो. माफ कर मला. सही करायची नसली तर नको करूस. उत्तर दे फक्त. शिव्या दिल्यास तरी चालेल, अख्ख्या दे.

दादा


१२ मार्च

धाकट्या,

तीन आठवडे मी पोस्टमनच्या पावलांवर जगत होतो. तो दारावरून पुढे गेला की वहिनी मुद्दाम काहीतरी मोठ्याने बोलायची, म्हणजे मला ते ऐकू येऊ नये.

तुझं पुडकं गुरुवारी आलं.

आधी कागद निघाला. मी उलटसुलट बघितला, सही कुठे दिसेना. मग वहिनीने तो उजेडात धरला. माझ्या फुलीवर, बरोबर फुलीवर, तू काज केलं होतंस! कागद कापून, लाल दोऱ्याने, हाताने. टाके इतके बारीक की मी चष्मा बदलून मोजले. खूण तिथे काज. विचारायचं नाही. अरे गाढवा, सरकारी कागद होता तो! आता त्यावर कुणाची सही चालायची नाही. मी आधी हसलो, मग हसणं बिघडलं, आणि वहिनीला वाटलं परत झटका आला. तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरून सरळ आहे का ते बघितलं.

मग शर्ट निघाला. आकाशी रंगाचा, मोठ्या बटणांचा, काजं उजव्या बाजूला, म्हणजे माझ्या डाव्या हाताला एकट्याने बटण लावता यावं अशी. आणि उजवा खांदा पाऊण इंच खाली उतरवलेला. झटक्यानंतर माझा खांदा पाऊण इंच उतरलाय, हे तुला कुणी सांगितलं? मी वहिनीकडे बघितलं. तिला एकदम स्वयंपाकघरात काम आठवलं. ही बाई मी झोपलो असताना टेप लावून माझी मापं काढत होती, कळलं का तुला? तुम्ही दोघं किती वर्षं पत्रं लिहिताय हे मी अजूनही विचारलेलं नाही. विचारेन हळूहळू.

खिशात चिठ्ठी होती. ती मला पाठ झाली आहे. "काजं करणाऱ्याला खूण दिसते, दादा. उजवा हात चालू लागला की काजांची बाजू बदलून देईन."

म्हणजे तुला माहीत होतं. तेव्हाच, सगळ्यांसमोर, मी बोलत असताना. तुझ्या हाताखालून पंचेचाळीस फुल्या गेल्या होत्या आणि तू मला एक शब्द बोलला नाहीस.

ती चिठ्ठी घेऊन मी दोन दिवस बसलो. वहिनी म्हणाली, "आता झालं ना सगळं? भाऊजींना कळलं, तुम्हाला कळलं." पण मला काही केल्या झालं असं वाटेना. बोललो होतो चारचौघांत, आणि माफी मागितली चिकटवलेल्या पाकिटात. हा कुठला हिशेब?

म्हणून आज मी दुकानात गेलो. तुझा शर्ट घालून. पाच बटणं, साडेसहा मिनिटं, वहिनी दारात हात पाठीमागे धरून उभी. वरची चार डाव्या हाताने लावली. शेवटचं उजव्याने लावलं, हट्टाने. रस्ता ओलांडताना तिचा हात मी स्वतः मागितला, ते नियमात बसतं.

दुकानात इस्त्रीवाला होता, बटणं शिवणाऱ्या बाई होत्या, आणि शेजारचा चप्पलवाला गप्पा मारायला येऊन बसलेला. तिघंही त्या दिवशीचे. इस्त्रीवाल्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मास्तर, शर्टाची काजं उलट्या बाजूला झालीत."

मी म्हणालो, "हो. बँडच्या कोटांचीही झाली होती. ती मी केली. खुणा माझ्या होत्या, धाकट्याची चूक नव्हती. मला त्याच दिवशी कळलं होतं आणि मी ते लपवलं." जीभ तीनदा अडखळली. चप्पलवाल्याला कळलं नाही म्हणून परत सगळं म्हणालो, पहिल्यापासून.

 बाईंनी सुई खाली ठेवली. इस्त्रीवाला बराच वेळ एकाच बाहीवर इस्त्री फिरवत राहिला. मग म्हणाला, "आठ कोटांवरच्या फुल्या मीच इस्त्रीखाली घालवल्या होत्या, मास्तर." मी विचारलं, "मग तेव्हा बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "मी तोंड उघडलं होतं. धाकट्या मालकांनी डोळ्यांनी नको म्हटलं."

मी कापायच्या टेबलाला धरून उभा राहिलो. तू त्या वेळी माझ्याकडे बघितलंस ते एवढंच मला आठवत होतं. माझ्यावरून तुझी नजर पुढे कुठे गेली ते मी कधी बघितलंच नव्हतं. माझी मान खाली जाऊ नये म्हणून तू स्वतःची घातलीस, आणि बारा दिवस माझ्या तोंडून एक शब्द निघायची वाट बघितलीस. मी रडलो, धाकट्या, दुकानात, चप्पलवाल्यासमोर. झटक्यानंतर रडू लवकर येतं असं डॉक्टर म्हणतात. तसंही असेल, पण आज ते नव्हतं.

दुकान सोडत नाही. कागदाला तू भोक पाडलंस ते एक कारण, आणि सोडावंसं वाटत नाही हे दुसरं. कापणं मला परत जमेल का, माहीत नाही. व्यायामवाली म्हणते जमेल असं वचन देणार नाही, करत राहा म्हणते. करत राहीन. गोळ्या घेतोय, वहिनीला विचार, तुझं तिच्याशी पटतंच.

शर्टाची बाजू बदलायची नाही. आहे तसाच तो मला हवाय. पण चिठ्ठीत बाजू बदलून देईन म्हटलंयस, म्हणजे त्यासाठी येणारच होतास, तर दुसऱ्या कशासाठी तरी ये. कशासाठीही ये. दोघांचे मिळून दीड हात उजवा आणि दोन हात डावे होतात, एका दुकानाला पुरतील.

येताना तुझी कात्री घेऊन ये. इथल्या सगळ्या उजव्या हाताच्या आहेत.

दादा